तांब्याच्या तारेकडून प्रकाशतंतूकडे
माजलगावच्या निमित्ताने दूरध्वनीच्या स्थित्यंतराचा परिचय

माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी नावाचे गाव आहे. देवगिरीचा यादव राजा रामचंद्र याच्या काळचा, शके १२३२ म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट या गावाच्या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रकाशित केला. तांबे टिकाऊ असल्यामुळे राजाज्ञा तांब्यावर कोरल्या जात. पुढे विजेचे वहन सुलभतेने करणारा धातू म्हणून याच तांब्याच्या तारा गावोगाव गेल्या आणि माणसाचा आवाज वाहू लागल्या. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेचे ते युग आता संपत आले आहे. घरोघरीचे दूरध्वनी आणि इंटरनेटचे जोड तांब्यावरून काढून काचेच्या तंतूवर नेण्याचे काम देशभर चालू आहे. वरवर पाहता हा एका तारेच्या जागी दुसरी तार बसविण्याचा प्रकार वाटतो. वस्तुतः या बदलाबरोबर काही जुन्या सोयी नाहीशा होतात व काही जबाबदाऱ्या ग्राहकाच्या आणि गावाच्या अंगावर येतात. त्यांची जाण शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

तारेची सेवा

भारतात दूरध्वनी केंद्रे सुरू झाली ती १८८२ साली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत. खेड्यापर्यंत दूरध्वनी पोचण्यास त्यानंतर शंभर वर्षे लागली. १९८०च्या सुमारास सबंध देशात दूरध्वनींची संख्या पंचवीस लाखांच्या आतच होती आणि जोड मिळण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. मोंढ्यातील आडतदार ट्रंक कॉल नोंदवून कापसाचा भाव विचारीत आणि तो लागेपर्यंत पेढीवर बसून राहत. १९८४ साली 'सी-डॉट' या संस्थेची स्थापना झाली. या संस्थेने आपल्याकडील ऊन, धूळ आणि विजेची अनिश्चितता यांत टिकेल असे, वातानुकूलनाची गरज नसलेले १२८ जोडांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. त्यातील पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. त्यानंतरच्या दशकात लहान गावांचीही नावे दूरध्वनीच्या नकाशावर आली. चौकाचौकांत पिवळ्या पाटीची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे उभी राहिली. माजलगावचा ०२४४३ हा संकेतांक दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि शाळांच्या शिक्क्यांवर दिसू लागला.

१ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली आणि मुंबई व दिल्ली वगळता देशातील शासकीय दूरध्वनी सेवा तिच्याकडे गेली. २००५ मध्ये निगमने त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा देण्यास प्रारंभ केला. त्या सुमारास देशातील तारजोडाच्या दूरध्वनींची संख्या चार कोटींच्या वर होती. पुढे भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे ती सतत घटत जाऊन २०२० च्या सुमारास दोन कोटींवर आली. नंतरच्या काळात ही संख्या पुन्हा वाढली आहे. तथापि ही वाढ तांब्याची नसून मुख्यतः प्रकाशतंतूची आहे.

तांबे का थकले?

दूरध्वनीच्या तारेत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तारा असतात. तारतंत्रींच्या भाषेत हिला 'जोडी' म्हणतात. केंद्रापासून निघालेल्या जाड केबलमध्ये अशा शेकडो जोड्या असतात. रस्त्याकडेच्या पेटीत व पुढे खांबावरील डबीत त्या वेगळ्या होतात आणि एकेक जोडी एकेका घरात जाते. ही रचना माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी योजलेली होती. आवाजाला सेकंदाला सुमारे तीनशे ते चौतीसशे कंपनांचा पट्टा पुरतो आणि तेवढा पट्टा तांबे काही किलोमीटरपर्यंत नीट वाहून नेते.

इंटरनेटसाठी मात्र लक्षावधी कंपनांचा पट्टा लागतो, आणि कंपने जितकी अधिक तितकी ती तांब्यात लवकर क्षीण होतात. त्यामुळे दूरध्वनी केंद्राच्या शेजारच्या घरात जो वेग मिळतो तो तीन-चार किलोमीटरवरील वस्तीत मिळत नाही. यंत्रणा तीच, देयक तेच, परंतु सेवा निराळी, अशी ही विषमता तांब्याच्या अंगभूत गुणातूनच आलेली आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरविण्यात आला होता. २०२३ साली ही मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. किमान अपेक्षाच जवळजवळ आठपट वाढली, तार मात्र तीच राहिली.

मराठवाड्यातील जमीन व हवामान यांचीही यात भर पडते. माजलगाव परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीचा ताण जमिनीतील केबलवर व तिच्या सांध्यांवर येतो. सांध्यात पाणी शिरले की तांबे गंजते आणि दूरध्वनीत खरखर सुरू होते. वीज पडली की तिचा झटका तारेवाटे घरातील उपकरणापर्यंत पोचू शकतो. तांब्याला बाजारात भाव असल्यामुळे केबलची चोरी होते. रस्त्यांच्या रुंदीकरणात ती तुटते ते निराळेच. ग्राहक कमी होत गेले आणि देखभालीचा खर्च मात्र तेवढाच राहिला, ही तांब्याच्या निवृत्तीमागील आर्थिक बाजू होय.

काचेतून प्रकाश

प्रकाशतंतू म्हणजे अतिशुद्ध काचेचा केसासारखा धागा. त्याच्या गाभ्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी, आणि भोवतालच्या काचेच्या आवरणासह १२५ मायक्रॉन असतो. गाभ्याची काच व आवरणाची काच यांच्या गुणांत किंचित फरक असल्यामुळे आत सोडलेला प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत पुढे जात राहतो. लेसरच्या प्रकाशाची उघडझाप सेकंदाला अब्जावधी वेळा करून त्याद्वारे आवाज, अक्षरे व चित्रे पाठविली जातात. वाकलेल्या तंतूतून चित्र पाठविण्याचे प्रयोग १९५० नंतरच्या दशकात ज्यांनी केले त्यांत मूळचे पंजाबचे शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी हे अग्रगण्य होते. काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूरवर संदेशवहन करता येईल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली दाखवून दिले. या कार्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, दूरध्वनी केंद्रांना जोडणारा देशातील पहिला प्रकाशतंतू मार्ग १९७९ साली पुणे येथे कार्यान्वित झाला. केंद्रांना जोडणारे मार्ग अशा रीतीने प्रथम काचेचे झाले. केंद्रापासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र तांब्याचाच राहिला. आजचे स्थित्यंतर या शेवटच्या तुकड्याचे आहे.

आजच्या तंतूत दहा किलोमीटर अंतर कापल्यावरही जवळपास अर्धा प्रकाश शिल्लक राहतो. काच विजेची वाहक नसल्यामुळे आकाशातील विजेचा झटका तिच्यातून येत नाही. ती गंजत नाही आणि चोराला तिचा काही उपयोग नाही.

कालवा, चारी व पोटचारी

घरोघरी तंतू पोचविण्याची रचना माजलगावकरांस कालव्याच्या दृष्टान्ताने सहज समजेल. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगाव जलाशयापर्यंत येतो आणि सिंदफणेवरील या जलाशयातून पुढे कालवा, वितरिका, चारी व पोटचारी अशा क्रमाने पाणी शेतापर्यंत पोचते. त्याप्रमाणेच दूरध्वनी केंद्रातील एका यंत्रातून एक तंतू निघतो. वाटेत एका लहान डबीत त्यातील प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट धाग्यांत विभागला जातो व एकेक धागा एकेका घरात जातो. या डबीला स्प्लिटर म्हणतात आणि तिला वीज लागत नाही. घरात भिंतीवर बसविलेली ओ.एन.टी. नावाची पेटी प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतात रूपांतर करते. दूरध्वनी यंत्र आणि संगणक या पेटीला जोडले जातात.

प्रचलित पद्धतीत एका तंतूवरून घरांकडे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती जाऊ शकते. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तरी प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ७५ मेगाबिट येतात. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचे दुःख आपणां सर्वांस ठाऊक आहे. तंतूच्या शेपटाकडील घराचे तसे होत नाही, कारण साधारण वीस किलोमीटरच्या मर्यादेत अंतरामुळे वेग कमी होत नाही. तांड्यावरील व वस्तीवरील घराला शहरातील घराइतकीच सेवा देण्याची क्षमता या तंत्रात प्रथमच आली आहे, आणि ग्रामीण भागाच्या दृष्टीने हाच या बदलाचा सर्वांत मोठा लाभ होय.

प्रश्न विजेचा

आता या स्थित्यंतरातील सर्वांत महत्त्वाच्या व सर्वांत दुर्लक्षित अशा बाबीकडे वळू. तांब्याची जोडी आवाजाबरोबर वीजही वाहून नेत असे. केंद्रातील ४८ व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्या त्याच तारेतून घरातील दूरध्वनीला वीज पुरवीत. गावात अंधार झाला तरी दूरध्वनी चालू राही तो यामुळेच. घरमालकास या सोयीसाठी काही करावे लागत नसे आणि म्हणूनच ती सोय आहे हेही अनेकांच्या ध्यानात नसे.

काचेच्या तंतूतून केवळ प्रकाश येतो. भिंतीवरील पेटी घरातील विजेवर चालते. वीज गेली की पेटी बंद, पेटी बंद की दूरध्वनी मुका, असा हा साधा हिशेब आहे. ज्या घरी भ्रमणध्वनी आहे तेथे हे कदाचित जाणवणार नाही. परंतु वीज दीर्घकाळ खंडित झाली तर भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही उतरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन अनेक नद्यांना पूर आले. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कचेरी, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत यांचा दूरध्वनी सर्वाधिक गरजेचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी वीज गेलेली असते.

इतर देशांच्या अनुभवापासून या बाबतीत शिकण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी, कळ दाबताच मदत मागणारी साधने दूरध्वनीच्या तारेला जोडलेली असत. तार बदलल्यावर अशी साधने निकामी झाल्याच्या गंभीर घटना उघडकीस आल्या. तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी ग्राहकांचे सक्तीचे स्थलांतर थांबविले आणि जुनी यंत्रणा बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. घरच्या दूरध्वनीवरच सर्वस्वी अवलंबून असणाऱ्या ग्राहकास वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन दूरध्वनी करता यावा, अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी तेथील नियामक संस्थेने कंपन्यांवर ठेवलेली आहे.

आपल्याकडे यावरील उपाय फारसा महाग नाही. घरातील पेटीला साधारणतः १० वॅट वीज लागते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा साठते. म्हणजे कागदावर आठ तास आणि प्रत्यक्षात पाच-सहा तास पेटी चालू शकते. घरात इन्व्हर्टर असल्यास पेटीचा जोड त्याच्या मंडलावर घेतला की पुरे. परंतु ही गोष्ट तंतू बसविण्याच्या दिवशीच ठरवावी लागते. पेटी कोणत्या भिंतीवर व कोणत्या बटणाशेजारी बसते यावर पुढील सर्व अवलंबून असते.

दुरुस्ती कोणी करावयाची?

तांब्याची तार तुटली तर तारतंत्री खांबावर चढे, दोन टोके खरवडून पिळी आणि चिकटपट्टी गुंडाळून खाली उतरे. कोणत्या डबीत कोणाची जोडी आहे, कोणत्या सांध्यात पाणी शिरते, हे ज्ञान त्याच्या डोक्यात असे. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांच्याबरोबर हे अलिखित ज्ञानही गेले.

तुटलेला तंतू हाताने जोडता येत नाही. त्याची टोके अचूक कापून, विद्युत्‌ठिणगीच्या उष्णतेने वितळवून यंत्राच्या साहाय्याने सांधावी लागतात. त्यासाठी यंत्र आणि प्रशिक्षित हात दोन्ही लागतात. निगमने हे काम अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालक व लहान उद्योजक यांच्याशी भागीदारी करून, उत्पन्नातील हिस्सा देऊन सोपविले आहे. या पद्धतीत तालुक्यातील तरुणांना रोजगाराची संधी आहे, आणि धोकाही आहे. भागीदाराने काम सोडल्यास ग्राहकाने कोणाकडे जावे, हे आधीच स्पष्ट असावयास हवे. ग्राहकाचा करार निगमशी असतो, भागीदाराशी नव्हे. म्हणून तक्रार निगमकडे नोंदवून तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा. तक्रारीचे निराकरण न झाल्यास अपील करण्याची तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांत आहे.

स्थलांतर करताना

जोड बदलताना प्रत्येक कार्यालयाने व कुटुंबाने पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

पहिली बाब क्रमांकाची. जुना क्रमांक कायम ठेवावयाचा असल्यास तसे अर्जात स्पष्ट लिहावे आणि मंजुरीची खात्री करून घ्यावी. भ्रमणध्वनीचा क्रमांक एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय महाराष्ट्रात २०११ पासून आहे. तारजोडाच्या दूरध्वनीला ती नाही. कंपनी बदलल्यास क्रमांक जातो. शाळेच्या, दवाखान्याच्या व पंचायतीच्या जुन्या क्रमांकाला लोकांच्या स्मरणात एक स्थान असते आणि ते गमावण्यापूर्वी विचार करावा.

दुसरी बाब जुन्या जोडाची. नवा जोड चालू होऊन आठ-दहा दिवस त्याची परीक्षा झाल्याखेरीज जुना जोड बंद करण्यास संमती देऊ नये. परीक्षा घेताना घराचा मुख्य खटका बंद करून दूरध्वनी चालतो किंवा नाही हे एकदा अवश्य पाहावे.

तिसरी बाब तारेला जोडलेल्या इतर साधनांची. फॅक्स, धोक्याची घंटा, उद्वाहनातील दूरध्वनी, बँकेच्या वा दुकानाच्या देयक-यंत्राचा जोड यांपैकी काही जुन्या तारेवर असल्यास त्यांची यादी आधी करावी. अशी साधने नव्या पेटीवर चालतीलच असे नाही.

चौथी बाब हिशेबाची. जुनी अनामत रक्कम, परत करावयाचा मोडेम आणि नव्या पेटीची मालकी यांबद्दल लेखी पावती घ्यावी. पेटी भाड्याची की विकत, हे न विचारल्यामुळे पुढे वाद निर्माण होतात.

ग्रामपंचायतींचे कार्य

ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढे तिला 'भारतनेट' हे नाव देण्यात आले. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यात एक लाख ग्रामपंचायती जोडण्यात आल्या. महाराष्ट्रात पुढील टप्प्याचे काम राज्य शासनाने 'महानेट' या नावाने हाती घेतले. २०२३ साली मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतींना वर्तुळाकार मार्गाने जोडण्याचे आणि ग्रामीण भागात दीड कोटी घरजोड देण्याचे उद्दिष्ट आहे.

वर्तुळाकार मार्गाचे महत्त्व साधे आहे. तालुक्याहून एकच तंतू रांगेतील गावांना जोडीत गेला असेल तर मधे एका ठिकाणी तो तुटताच पुढील सारी गावे बंद पडतात. तोच मार्ग दुसऱ्या बाजूने परत तालुक्याला मिळविला, तर एका बाजूस खंड पडला तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते.

तथापि तंतू कार्यालयापर्यंत आला म्हणजे काम संपले असे नाही. यंत्र ठेवलेल्या खोलीची वीज तोडलेली असेल, बॅटरी निकामी झालेली असेल किंवा खोलीला कुलूप असून किल्ली ग्रामसेवकाकडे, तीही दुसऱ्या गावी असेल, तर कोट्यवधी रुपयांचा तंतू निरुपयोगी ठरतो. यंत्रासाठी स्वतंत्र वीजजोड, वर्षातून एकदा बॅटरीची तपासणी आणि किल्लीची दुसरी प्रत शाळेत वा आरोग्य उपकेंद्रात ठेवणे, एवढ्या तीन गोष्टी पंचायतीने ठरावाने केल्या तरी पुष्कळ साधेल.

दुसरे कर्तव्य खोदकामाविषयीचे आहे. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग माजलगावातून जातो. महामार्गालगत व गावरस्त्यांलगत नळयोजना, गटारे आणि वीजवाहिन्या यांची कामे सतत निघतात. खोदणाऱ्याने जमिनीखालील वाहिन्यांच्या मालकांना पूर्वसूचना द्यावी यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने 'कॉल बिफोर यू डिग' हे भ्रमणध्वनी उपयोजन सुरू केले. पंचायतीने नळयोजनेच्या कार्यादेशातच ही अट घातली, तर जे. सी. बी. च्या एका फटक्याने दहा गावांचा संपर्क तुटण्याचे प्रसंग कमी होतील. तंतू टाकण्यासाठी परवानगी मागणाऱ्यास विनाकारण ताटकळत ठेवू नये, आणि खोदलेला रस्ता पूर्ववत करून घेण्यासही चुकू नये.

शिक्षकांकडून अपेक्षा

शिक्षकवर्गाने या कामी मोठे साह्य करण्यासारखे आहे. पूर्ण आंतरिक परावर्तनाचा पाठ विज्ञानाच्या पुस्तकात असतो. पाण्याच्या धारेतून टॉर्चचा प्रकाश वळवून दाखविण्याचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो आणि त्यानंतर गावातील खांबावरची काळी केबल मुलांना दाखविली की पाठ पुरा होतो. मुले घरी जाऊन आजी-आजोबांना पेटीचा हिरवा दिवा आणि तांबडा दिवा यांतील फरक सांगतील. वीज गेल्यावर घरचा दूरध्वनी का चालत नाही, हे ज्या आजीला आधीच ठाऊक आहे, ती संकटाच्या रात्री मुक्या यंत्राशी झगडत न बसता शेजाऱ्याला हाक मारील.

पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटाला सात शतके लोटली तरी त्यावरील अक्षरे वाचता येतात, कारण कोणीतरी तो जपून ठेवला. दूरध्वनीच्या तांब्याने आपले काम केले आहे आणि त्याला निरोप देण्यात अनुचित असे काही नाही. तांब्याच्या काळात गावाच्या संपर्काची राखण दूरच्या केंद्रातील बॅटरी आणि खांबावर चढणारा तारतंत्री करीत होते. काचेच्या काळात त्या राखणीतील मोठा वाटा गावाने स्वतः उचलावयाचा आहे. त्याची तयारी तार कापली जाण्यापूर्वी, पावसाळ्याआधीच्या पहिल्या ग्रामसभेत व्हावी, हे इष्ट होय.